एकाच नंबरचे 'एक नंबर' खेळाडू: बेसबॉलच्या जर्सीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी १५ एप्रिल आला की माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो: "आज सगळ्यांनी ४२ नंबर का घातलाय?" तिथून गाडी सुटते ती थेट बेब रूथ या अमेरिकी बेसबॉलच्या दंतकथा बनलेल्या खेळाडूपर्यंत जाते. विचारणारे बहुतेक जण मुलांच्या लिटल लीगमुळे, नाहीतर ऑफिसातल्या मंडळींबरोबर एकदा स्टेडियमवर जाऊन आल्यावर या खेळाच्या नादी लागलेले असतात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवलेली बरी. प्रश्नांना मुद्दाम क्रमांक दिलेले नाहीत, या पानावर आकड्यांची आधीच गर्दी आहे.

पाठीवरचा नंबर मुळात ठरतो कसा? त्याला काही अर्थ असतो का?

आज नसतो, सुरुवातीला होता. १९२९ मध्ये न्यू यॉर्क यांकीज आणि क्लीव्हलँड इंडियन्स या दोन संघांनी पाठीवर कायमचे नंबर लावायला सुरुवात केली. त्याआधी क्लीव्हलँडने १९१६ मध्ये बाहीवर नंबर लावून पाहिले होते, पण ते टिकले नाहीत. यांकीजनी सोपा हिशेब केला: जो ज्या क्रमाने बॅटिंगला येतो तोच त्याचा नंबर. अर्ल कोम्ब्स पहिला म्हणून १, मार्क कोनिग २, बेब रूथ तिसरा येई म्हणून ३ आणि त्याच्या मागून येणारा लू गेरिग ४. जगातला सगळ्यात गाजलेला ३ नंबर हा असा निव्वळ कारकुनी कामातून जन्माला आला. रूथने तो मागितला नव्हता की निवडला नव्हता.

काही वर्षांतच बाकीच्या संघांनीही नंबर लावले. पुढे बॅटिंगचे क्रम बदलत गेले आणि नंबर मात्र त्या त्या माणसाला चिकटले. आता संघाचा सामान सांभाळणारा कर्मचारी कपाटात जो मोकळा असेल तो नंबर नव्या पोराच्या हातात देतो. पोरगा मोठा झाला तर त्या नंबरला अर्थ येतो.

मग टाय कॉब, साय यंग, वॉल्टर जॉन्सन यांचे नंबर कोणते?

त्यांना नंबरच नव्हते. ते सगळे पाठ कोरी असलेल्या काळातले. आपल्याकडे सुनील गावसकरांचा कसोटीतला जर्सी नंबर विचारण्यासारखंच हे आहे. कसोटी क्रिकेटमध्ये पाठीवर नंबर आले ते २०१९ च्या ॲशेस मालिकेपासून.

पण ज्याला नंबर नाही त्याचा सन्मान करायचा कसा, ही संघांची अडचण होती. डेट्रॉइटच्या मैदानात भिंतीवर कॉबचं नुसतं नाव आहे. जायंट्सनी (तेव्हा न्यू यॉर्कचा संघ, आता सॅन फ्रान्सिस्कोचा) पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज, क्रिस्टी मॅथ्यूसन आणि मॅनेजर जॉन मग्रॉ यांच्यासाठी आकड्याच्या जागी 'एन वाय' ही अक्षरं लावली. सगळ्यात गमतीदार तोडगा पिट्सबर्ग पायरेट्सचा. होनस वॅग्नर खेळत होता तेव्हा नंबर नव्हते, पण म्हातारपणी तो त्याच संघाचा कोच झाला आणि ३३ नंबर घालून मैदानात येऊ लागला. पायरेट्सनी तो ३३ निवृत्त केला.

नंबर 'निवृत्त' करतात म्हणजे काय? आणि निवृत्त केला तर तोच नंबर इतक्या जणांकडे कसा?

नंबर निवृत्त केला म्हणजे तो संघ तो नंबर पुन्हा कुणाला देत नाही. स्टेडियममध्ये तो आकडा कायमचा लावला जातो. पहिला मान लू गेरिगच्या ४ नंबरला. सलग २,१३० सामने खेळलेला हा माणूस स्नायू आणि मज्जातंतू निकामी करणाऱ्या एएलएस या आजाराने थांबला. ४ जुलै १९३९ रोजी यांकी स्टेडियमवर त्याला निरोप दिला गेला आणि त्याचा ४ नंबर यापुढे कुणाला मिळणार नाही असं ठरलं. दोन वर्षांनी तो गेला.

आता दुसरा भाग, जिथे बहुतेकांचा गोंधळ होतो. ही निवृत्ती फक्त त्या संघापुरती असते. यांकीजचा ४ गेरिगचा, डॉजर्सचा ४ ड्यूक स्नायडरचा, जायंट्सचा ४ मेल ऑटचा, ब्रूअर्सचा ४ पॉल मॉलिटरचा. प्रत्येक संघ म्हणजे वेगळं गाव समजा. एका गावात पाटलांचा वाडा आहे म्हणून दुसऱ्या गावात पाटील नसतात असं थोडंच आहे! सगळ्या गावांना मिळून लागू होणारा अपवाद एकच, त्यासाठी खालचं ४२ चं उत्तर पाहा.

आणि हो, निवृत्तीला तेव्हा काही घाई नसे. रूथने यांकीज १९३४ च्या हंगामानंतर सोडले, पण त्याचा ३ निवृत्त झाला जून १९४८ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या दोन महिने आधी. मधल्या काळात तो नंबर बरेच जण घालून गेले. शेवटचा क्लिफ मेप्स. त्याच्याकडून ३ काढून घेतला, मग तो १३ घालू लागला आणि पुढे ७. १९५१ मध्ये मेप्सला दुसऱ्या संघाकडे पाठवलं आणि त्याच हंगामात ७ नंबर एका तरुण पोराकडे गेला. तो मिकी मँटल. एकाच माणसाने रूथचाही नंबर घातला आणि मँटलचाही, आणि तरी त्याचं नाव कुणाला आठवत नाही. मला मेप्सबद्दल विनाकारण जिव्हाळा आहे.

४४ नंबर इतका गाजलेला का?

कारण ४४ ची एक अख्खी गुरुपरंपरा आहे. मला विचाराल तर संपूर्ण खेळातली सगळ्यात सुंदर नंबरकथा हीच.

हँक ॲरन १९५४ मध्ये मिलवॉकी ब्रेव्हजकडे आला तेव्हा त्याच्या पाठीवर ५ होता. दुसऱ्या वर्षी त्याने ४४ घेतला. त्यानंतर १९५७, १९६३, १९६६ आणि १९६९ अशा चार हंगामांत त्याने बरोब्बर ४४ होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर, आपल्या षटकारासारखा) मारले. ठरवून करता येणारी ही गोष्ट नाही. मारणाऱ्याला तर नाहीच.

ॲरन अलाबामा राज्यातल्या मोबिल शहराचा. त्याच शहरातून त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान विली मकोव्ही आला आणि १९५९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून खेळू लागला. त्याने ४४ घेतला तो ॲरनच्या आदराखातर. १९६३ मध्ये नॅशनल लीगमध्ये (तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी एक) सर्वाधिक होम रन कुणाचे, तर दोघे बरोबरीत: ॲरन ४४, मकोव्ही ४४. एका गावचे दोघे, पाठीवर एकच नंबर, आणि हंगामाच्या शेवटी खात्यात होम रनही तितकेच. हे एखाद्या कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं.

तिसरा रेजी जॅक्सन. ओकलंडमध्ये त्याचा नंबर ९ होता. १९७७ च्या हंगामासाठी तो यांकीजकडे आला तेव्हा ९ ग्रेग नेटल्सकडे होता, म्हणून जॅक्सनने ४४ घेतला. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात त्याने तीन होम रन मारले आणि न्यू यॉर्कपुरता ४४ त्याचा झाला. पुढे ओकलंडने त्याचा ९ निवृत्त केला, यांकीजनी ४४.

कारकिर्दीची बेरीज: ॲरन ७५५ होम रन, जॅक्सन ५६३, मकोव्ही ५२१.

आता यातली गंमत. ८ एप्रिल १९७४ रोजी ॲरनने ७१५ वा होम रन मारून बेब रूथचा विक्रम मोडला. तो चेंडू टाकणारा डॉजर्सचा पिचर होता ॲल डाउनिंग. त्याच्या पाठीवर नंबर कोणता होता? ४४. जुना व्हिडिओ मिळाला तर होम रन सोडा, एकदा फक्त दोघांच्या पाठी पाहा.

२४ नंबरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण? आमच्या घरात यावरून भांडण आहे.

भांडण मिटणार नाही, पण त्याला मसाला देतो. तीन दावेदार: विली मेज, रिकी हेंडरसन आणि केन ग्रिफी ज्युनियर. तिघेही आउटफिल्डमधले, तिघेही मतदानाच्या पहिल्याच फेरीत हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या दालनात, गेलेले.

मेजचे ६६० होम रन आणि क्षेत्ररक्षण असं की आजही कुणी पाठमोरं धावत झेल घेतला की समालोचकाच्या तोंडी त्याचंच नाव येतं. ग्रिफीचे ६३०, आणि त्याची फटका मारायची लकब एका संपूर्ण पिढीने गल्लीत नक्कल करून घासून गुळगुळीत केली. हेंडरसनने १,४०६ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळून पुढचा तळ गाठला. या विक्रमाच्या जवळपासही कुणी नाही. तरी माझं मत मेजला, आणि कारण फक्त आकड्यांत नाही. २४ ला वजन आलं ते त्याच्यामुळे.

याचा पुरावा बॅरी बॉन्ड्स. मेज त्याचा धर्मपिता. बॉन्ड्स पिट्सबर्गमध्ये २४ घालायचा. १९९३ मध्ये तो जायंट्सकडे आला, म्हणजे मेजच्या घरात. तिथे २४ निवृत्त होता. मग त्याने २५ घेतला, जो त्याच्या वडिलांनी, बॉबी बॉन्ड्सनी, याच जायंट्ससाठी घातला होता. धर्मपित्याचा नंबर सोडून बापाचा घेतला असं म्हणा. तो २५ सुद्धा २०१८ मध्ये निवृत्त झाला.

हेंडरसनचा २४ साठीचा हट्ट वेगळ्या जातीचा होता, तो नंबर विकत घेण्याच्या प्रश्नात पाहा.

न्यू यॉर्क मेट्सनीही मेजसाठी २४ निवृत्त केला आहे, २०२२ मध्ये. तो तिथे जेमतेम दोन हंगाम खेळला होता, उतारवयात. पण मेट्सच्या पहिल्या मालकीणबाईंनी, जोन पेसन यांनी, त्याला तसा शब्द दिला होता. त्या १९७५ मध्ये वारल्या आणि शब्द पाळायला पन्नासेक वर्षं लागली.

एकाच संघात एकाच नंबरचे दोन दिग्गज झालेत का?

झालेत, आणि मग संघ एकच नंबर दोघांच्या नावाने निवृत्त करतो.

यांकीजचा ८ हे ठळक उदाहरण. बिल डिकी आणि योगी बेरा, दोघेही कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखे. डिकीचा काळ संपला, बेराचा सुरू झाला आणि कॅचिंगचे बारकावे बेराला शिकवले ते डिकीनेच. म्हणजे नंबरही गुरूचा आणि विद्याही गुरूची. १९७२ मध्ये दोघांचा ८ एकदमच निवृत्त झाला. शिकागो कब्जचा ३१ फर्ग्युसन जेंकिन्स आणि ग्रेग मॅडक्स या दोन पिचरांसाठी ३ मे २००९ रोजी एकाच समारंभात निवृत्त झाला. ओकलंडचा ३४ रॉली फिंगर्स आणि डेव्ह स्ट्युअर्ट यांचा.

मॉन्ट्रियल एक्स्पोजचा १० रस्टी स्टॉब आणि आंद्रे डॉसन यांचा, पण त्याचं पुढे जे झालं ते ऐकून वाईट वाटतं. २००५ मध्ये तो संघच उठून वॉशिंग्टनला गेला, नाव बदललं आणि तिथे हे नंबर पुन्हा वापरात आले. मॉन्ट्रियलमध्ये त्यांची आठवण ठेवली ती शहरातल्या आइस हॉकीच्या संघाने, आपल्या छताला एक्स्पोजच्या निवृत्त नंबरांचा फलक टांगून. दुसऱ्या खेळाच्या घरात आसरा मिळाला.

मग सिअ‍ॅटलचा ५१ नक्की कुणाचा, रँडी जॉन्सनचा की इचिरोचा?

दोघांचा. ही गोष्ट मागच्या उत्तरात मावत नव्हती.

रँडी जॉन्सन म्हणजे सहा फूट दहा इंचांचा डावखुरा पिचर. १९८९ ते १९९८ तो सिअ‍ॅटल मरिनर्सकडे ५१ घालून खेळला आणि फलंदाजांच्या उरात धडकी भरवत राहिला. तो गेल्यावर तीन वर्षांनी, २००१ मध्ये, जपानहून इचिरो सुझुकी आला. जपानमध्ये ओरिक्स संघाकडे त्याचा नंबर ५१ च होता. मरिनर्सनी तो त्याला दिला. सिअ‍ॅटलच्या चाहत्यांना हे रुचेल का, अशी कुजबुज सुरू झाली. इचिरोने जॉन्सनला स्वतः कळवलं की या नंबरला बट्टा लागू देणार नाही. त्या पहिल्याच हंगामात त्याने २४२ हिट्स (फटका मारून बेस गाठणं) मारल्या, तीन वर्षांनी २६२, आणि एका हंगामातला तो विक्रम आजही उभा आहे.

पुढे गंमत अशी की दोघेही वेगवेगळ्या वेळी यांकीजकडे गेले आणि दोघांनाही तिथे ५१ मिळाला नाही, कारण तो बर्नी विल्यम्सचा. जॉन्सन २००५ मध्ये गेला तेव्हा विल्यम्स खेळतच होता, म्हणून त्याने ४१ घेतला. इचिरो २०१२ मध्ये गेला तेव्हा विल्यम्स थांबून बरीच वर्षं झाली होती आणि नंबर अजून अधिकृतपणे निवृत्त झाला नव्हता. तरीही इचिरोने विल्यम्सचा मान राखून ३१ घेतला. ज्याने एकदा दुसऱ्याचा नंबर सांभाळला त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

मरिनर्सनी इचिरोसाठी ५१ ऑगस्ट २०२५ मध्ये निवृत्त केला आणि २०२६ मध्ये तोच जॉन्सनच्या नावानेही करायचं जाहीर केलं. माझ्या मते क्रम उलटा हवा होता, पण इचिरो त्याच वर्षी हॉल ऑफ फेममध्ये जात होता, त्यामुळे समजून घेता येतं.

४२ सगळ्या संघांनी का निवृत्त केला?

जॅकी रॉबिन्सनसाठी. १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिन डॉजर्सकडून पहिला सामना खेळला आणि मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च स्तरावर, कृष्णवर्णीय खेळाडूंना दशकानुदशकं बंद असलेलं दार उघडलं. प्रेक्षकांच्या शिव्या, धमकीची पत्रं, काही मुक्कामी हॉटेलात सहकाऱ्यांबरोबर राहायलाही मनाई, हे सगळं सोसून त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला. ५० वर्षांनी त्याच तारखेला, १५ एप्रिल १९९७ रोजी, न्यू यॉर्कच्या शे स्टेडियमवर मेजर लीगचे तेव्हाचे प्रमुख बड सीलिग यांनी ४२ सर्व संघांत निवृत्त झाल्याचं जाहीर केलं. असा मान मेजर लीगमध्ये दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही.

लॉस एंजेलिसमधल्या यूसीएलए विद्यापीठाने, जिथे तो शिकला, २०१४ मध्ये आपल्या सर्व खेळांत ४२ निवृत्त केला. तिथे शिकताना त्याने ४२ कधी घातलाच नव्हता. तरीही केला, आणि बरंच केलं.

पण मारियानो रिव्हेरा तर २०१३ पर्यंत ४२ घालत होता. त्याला सूट कशी?

१९९७ मध्ये ज्यांच्या पाठीवर आधीच ४२ होता त्यांना तो ठेवायची मुभा होती. असे डझनभर जण होते. एकेक करून ते थांबत गेले आणि शेवटी उरला यांकीजचा पनामाहून आलेला पिचर रिव्हेरा. त्याला हा नंबर काही भक्तिभावाने मिळाला नव्हता, मोकळा होता म्हणून दिला गेला होता. पण आपण शेवटचे आहोत हे कळल्यावर त्याने तो जबाबदारी म्हणून वागवला. ६५२ सामने त्याने शेवटी येऊन वाचवले, जो विक्रम आहे, आणि २०१९ मध्ये एकही मत विरोधात न जाता हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिला खेळाडू ठरला. यांकी स्टेडियमवर आज ४२ रॉबिन्सनचाही आहे आणि रिव्हेराचाही.

सेंट लुईस कार्डिनल्सकडे ४२ ब्रूस सटरचाही आहे. तोही पिचर, तोही सामना संपवायला येणारा. २००६ मध्ये कार्डिनल्सनी रॉबिन्सनच्या जोडीला त्याचं नाव लावलं.

मग १५ एप्रिलला सगळेच ४२ का घालतात? निवृत्त नंबर घालायचा नसतो ना?

वर्षातून एक दिवस घालायचा, इतकंच. २००७ मध्ये केन ग्रिफी ज्युनियरने त्या दिवसापुरता ४२ घालायची परवानगी मागितली. इतरांनाही कल्पना आवडली आणि २००९ पासून सगळे खेळाडू, कोच, मॅनेजर त्या दिवशी ४२ घालतात. धावफलक वाचणाऱ्याची पंचाईत होते, स्टँडमध्ये बसलेल्या नवख्याची त्याहून जास्त. त्या दिवशी पहिल्यांदा सामना पाहायला जाऊ नका, कोण कोण आहे काही कळणार नाही.

क्लेमेंटेचा २१ सुद्धा सगळीकडे निवृत्त व्हायला नको का?

ही मागणी जुनी आहे, विशेषतः पोर्तो रिकोच्या लोकांची. रोबर्टो क्लेमेंटे तिथला, पिट्सबर्ग पायरेट्सचा. १९७२ च्या हंगामाअखेर त्याच्या बरोबर ३,००० हिट्स झाल्या होत्या. ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. हॉल ऑफ फेमसाठीची पाच वर्षांची अट बाजूला ठेवून त्याला १९७३ मध्येच घेतलं गेलं.

२१ च का? पहिल्या हंगामात तो १३ घालत होता. रोबर्टो क्लेमेंटे वॉकर या पूर्ण नावाची रोमन अक्षरं २१ भरतात म्हणून तो घेतला, असं सांगतात. मोजून पाहा, भरतात.

सगळीकडे निवृत्ती अजून झालेली नाही. मधला मार्ग म्हणून सप्टेंबरातल्या क्लेमेंटे दिनी खेळाडूंना २१ घालता येतो. माझं मत: निवृत्त करू नये. सॅमी सोसाने शिकागोत २१ घातला तो क्लेमेंटेसाठीच. निवृत्त केला तर असं प्रेम दाखवायची वाटच बंद होईल. याची दुसरी बाजूही आहे. २००८ मध्ये लाट्रॉय हॉकिन्स नावाच्या पिचरने यांकीजकडे क्लेमेंटेच्या स्मरणार्थ २१ घातला, तर न्यू यॉर्कच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. का, तर त्यांच्या लेखी २१ त्यांच्या लाडक्या पॉल ओ'नीलचा होता. बिचाऱ्याने २२ घेतला. २१ यांकीजनी ओ'नीलसाठी २०२२ मध्ये निवृत्त केला.

कुठल्या नंबरची यादी सगळ्यात तगडी आहे?

शिखर पाहायचं तर २४, गोष्ट ऐकायची तर ४४. पण सगळी रांग उभी केली तर मी ८ ला निवडतो: बेरा, डिकी, बाल्टिमोरचा कॅल रिपकेन ज्युनियर, ज्याने गेरिगचा सलग सामन्यांचा विक्रम मोडून २,६३२ वर नेला, बॉस्टनचा कार्ल यास्ट्रेम्स्की, सिनसिनाटीचा जो मॉर्गन, पिट्सबर्गचा विली स्टार्जेल, मॉन्ट्रियलचा गॅरी कार्टर.

५ वाले लगेच भांडायला येतील. त्यांच्याकडे जो डिमॅगियो, जॉनी बेंच, हँक ग्रीनबर्ग, ब्रूक्स रॉबिन्सन, जॉर्ज ब्रेट आणि ७०३ होम रनवाला अल्बर्ट पुहोल्स आहेत. शिवाय ब्रेटने आधीचा २५ सोडून ५ घेतला तो ब्रूक्स रॉबिन्सनवरच्या भक्तीमुळे. ठीक आहे, बरोबरी.

संघ बदलला आणि आपला नंबर तिथे दुसऱ्याकडे असला तर?

मागायचा, विकत घ्यायचा किंवा उलटा करायचा. कार्लटन फिस्क बॉस्टनमध्ये २७ होता, शिकागो व्हाइट सॉक्सकडे ७२ झाला. दोन्ही संघांनी आपापला आकडा निवृत्त केला. ॲलेक्स रॉड्रिगेझ ३ घालायचा, पण यांकीजचा ३ रूथचा, म्हणून पुढे १ लावून १३.

रिकी हेंडरसन १९९३ मध्ये टोरोंटोला गेला. तिथे २४ टर्नर वॉर्डकडे होता. हेंडरसनने २५,००० डॉलर मोजून तो घेतला. याउलट जॉन क्रुकने फिलाडेल्फियात आपला २८ मिच विल्यम्सला बिअरच्या दोन पेट्यांवर दिला, असं क्रुक स्वतः सांगतो. ताजं उदाहरण शोहेई ओहतानीचं. डिसेंबर २०२३ मध्ये तो डॉजर्सकडे आला, १७ जो केलीकडे होता. केलीने आनंदाने सोडला आणि ओहतानीने केलीच्या बायकोला पोर्शे गाडी भेट दिली. ओहतानीला नंबराची किंमत आधीपासून ठाऊक असावी. जपानमध्ये निप्पॉन-हॅमकडे त्याला जो ११ मिळाला होता, तो त्याच्याआधी यू दार्विशचा होता.

निवृत्त झालेला नंबर परत येऊ शकतो का?

ज्याचा आहे तो हो म्हणाला तर. व्हेनेझुएलाचा लुइस अपारिसिओ हा व्हाइट सॉक्सचा ११ नंबरचा दिग्गज. २०१० मध्ये व्हेनेझुएलाचाच ओमार विझकेल तिथे आला. त्याचा नेहमीचा १३ मॅनेजर ओझी गियेनच्या पाठीवर, आणि गियेनही व्हेनेझुएलाचाच. शेवटी अपारिसिओने आपला ११ विझकेलला वापरायची परवानगी दिली. चारचौघांत सोडवलेला घरगुती प्रश्न वाटतो की नाही?

दुसरा प्रकार: मालक स्वतःच परत येतो. हॅरोल्ड बेन्सला व्हाइट सॉक्सनी १९८९ मध्ये दुसरीकडे पाठवलं आणि तो खेळत असतानाच त्याचा ३ निवृत्त केला. पुढे तो परत आला. नंबर त्याचाच, त्यालाच दिला.

यांकीजकडे आता कोणते नंबर शिल्लक आहेत?

एक आकडी तर एकही नाही, ० वगळला तर. १ ते ९ सगळे निवृत्त. शेवटचा डेरेक जीटरचा २, मे २०१७ मध्ये. ॲरन जजच्या पाठीवर ९९ आहे तो मात्र टंचाईमुळे नव्हे. सराव शिबिरात नवख्यांना मोठे नंबर देतात, त्यात त्याला तो मिळाला आणि त्याने तोच ठेवला.

आपल्याकडे सचिनच्या १० चं झालं तसंच हे का?

बरंचसं. ऑगस्ट २०१७ मध्ये पालघरचा शार्दूल ठाकूर श्रीलंकेत पहिला एकदिवसीय सामना खेळला तो १० नंबर घालून, आणि चाहत्यांनी त्याला धारेवर धरलं. पुढे तो ५४ घालू लागला. भारतीय संघात १० त्यानंतर कुणी घातला नाही. शार्दूलचं वागणं मला कधीच चुकीचं वाटलं नाही. मकोव्हीने ४४ घेतला तेव्हा ॲरन अजून खेळत होता, आणि त्याला कुणी आगाऊ म्हटलं नाही.

असा एखादा नंबर आहे का जो कुणाशीच वाटून घ्यावा लागला नाही?

विचित्र नंबर बरेच आहेत. बिल व्हॉइसेल ९६ घालायचा कारण साउथ कॅरोलिनातल्या त्याच्या गावाचं नावच 'नाइन्टी सिक्स'. कार्लोस मे व्हाइट सॉक्सकडे १७ घालायचा. पाठीवर आडनाव आणि नंबर मिळून 'मे १७', आणि तोच त्याचा वाढदिवस. पण १७ घालणारे शेकड्याने आहेत.

खरोखर एकट्याचा नंबर एकच: एक अष्टमांश. १९ ऑगस्ट १९५१ रोजी सेंट लुईस ब्राउन्सचा मालक बिल व्हेक याने एडी गेडल नावाच्या तीन फूट सात इंच उंचीच्या माणसाला बॅटिंगला पाठवलं. पाठीवर १/८. पिचरला त्याच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या वीतभर पट्ट्यात चेंडू टाकता येईना. चार चेंडू वाइड गेले, गेडल चालत पहिल्या बेसवर पोचला आणि त्याच्या जागी दुसरा धावक आला. संपली कारकीर्द. दुसऱ्या दिवशी लीगने त्याचा करार रद्द केला.

ती जर्सी मात्र त्याची नव्हती. ब्राउन्सच्या एका अधिकाऱ्याच्या नऊ वर्षांच्या मुलाची ती, बिल डेविट ज्युनियरची, त्या दिवसापुरती मागून आणलेली. तो मुलगा पुढे सेंट लुईस कार्डिनल्सचा मालक झाला.